मिस अर्नेस्टीनचा शनिवार

मिस अर्नेस्टीन गेल्याचा फोन आला तेव्हा मार्व्हेला आधी रडली आणि मग, खरं सांगायचं तर, जराशी सुखावली. मी समोरच होते, मला दिसलं. फोन मिस अर्नेस्टीनच्या लेकीचा, रोझलिनचा होता. (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लेकुरवाळी असली तरी, मानाने मिसच म्हणतात.) ती पार वर डेट्रॉइटला राहते. आईचे केस तूच करायचेस, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला चालणार नाही, असं तिने बजावलं. मार्व्हेलाने डोळे पुसले, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बघितलंस, ऑपल? शेवटी मलाच बोलावलं ना? त्या लुसिलला नाही."

लुसिलचं पार्लर नदीपलीकडे, म्हणजे आमच्या मेकन गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि मार्व्हेलाच्या बोलण्यात इतकं काय सुख होतं ते कळायला आमच्या बायकांचा एक रिवाज माहीत हवा. आमच्यात बाईचं डोकं एकाच हातात असतं. कुणी नवरा बदलला तर चर्च चार दिवस कुजबुजतं आणि विसरून जातं. पार्लरवाली बदलली तर मात्र नातवंडांच्या लग्नापर्यंत लोक तो विषय काढतात. आणि ती बाई वारली की तिचे शेवटचे केसही त्याच पार्लरवालीने करायचे, अंत्यविधीवाल्यांच्या घरी जाऊन. मार्व्हेलाने असे किती तरी जणींचे केले होते.

मार्व्हेलाने पार्लर काढलं तेव्हा अख्ख्या गावाने तिला शहाणपण शिकवलं होतं. काळ्या बाईने एकटीने धंदा काढला की हे आलंच. घरमालक विचारतो, सही करायला नवरा कधी येणार? माल पोचवणारा तिच्याच दुकानात उभा राहून तिलाच विचारतो, मालक कुठे गेलेत? आणि आपलीच माणसं तोंड वाकडं करून म्हणतात, चालेल का गं हे? पहिल्या शनिवारी मार्व्हेला कोरा करकरीत एप्रन घालून दारात उभी, आणि आत चिटपाखरू नाही. तेवढ्यात मिस अर्नेस्टीन आल्या. केस करून घेतले आणि उठेचनात. खिडकीतल्या ड्रायरखाली मासिक उघडून बसल्या त्या बसल्याच.

"मिस अर्नेस्टीन, तुमचे केस केव्हाच वाळले," मार्व्हेला म्हणाली.

"ठाऊक आहे मला पोरी. रिकाम्या दुकानात कोण शिरतं? मी बसते. तू आपली कात्री वाजवत राहा."

दुपार टळेपर्यंत त्या बसल्या. संध्याकाळच्या आत दोघीजणी शिरल्या, पुढच्या शनिवारी चर्चच्या सगळ्या बायका. त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण मिस अर्नेस्टीन शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या आणि अर्धं गाव त्यांच्या हातचं जेवून मोठं झालेलं. शनिवारची पहिली खुर्ची तेव्हापासून त्यांची.

मलाही त्यांनीच आणलं. मी तेव्हा घरी केक भाजून चर्चमध्ये फुकट वाटत होते आणि लोक हाताला चव आहे हो म्हणत होते. त्यांनी माझं मनगट धरलं ते थेट पार्लरच्या काउंटरपाशी सोडलं. "ही ऑपल. हिचा केक इथे ठेव, येणाऱ्या-जाणाऱ्याला विकत दे. आणि ऑपल, तू केस हिच्याकडे करत जा. तुझं डोकं बघवत नाही." मग त्यांनी शिवणकाम करणारी बर्निस आणली. मग मुलं सांभाळणारी एक, कर भरून देणारी एक. सोमवारी पार्लरं बंद असतात, म्हणून दर सोमवारी सकाळी मार्व्हेलाच्या पार्लरमध्ये आम्ही सगळ्या जमायला लागलो. कुणाचा मालक भाडं वाढवतोय, कुणाचं गिऱ्हाईक छळतंय, कुणाला बँक दारात उभं करत नाही, सगळं तिथे निघायचं आणि कुणी ना कुणी कंबर कसून उभी राहायची. नवं दुकान निघालं की आम्ही पाळीपाळीने जाऊन खिडकीत बसायचो, गिऱ्हाइकासारख्या. आमच्या त्या मंडळाचं पुढे वर्तमानपत्रात नाव आलं, फोटो आले. फोटोत मिस अर्नेस्टीन नाहीत. त्या कॉफी ओतत होत्या.

गेल्या वर्षी धुराचा विषय निघाला. नव्या पोरी केस सरळ करून घेत नाहीत. आहेत तसे कुरळे मिरवतात, वेण्या घालतात, जटा वळतात. चांगलंच आहे, मीही माझे तसेच ठेवलेत. पण मिस अर्नेस्टीनच्या वयाच्या बायकांना शेगडीवर तापवलेला लोखंडी कंगवा लागतो. तेल लावून तो फिरवला की केस रेशमासारखे सरळ होतात आणि धूर होतो, जळका वास सुटतो. एका सोमवारी बर्निस म्हणाली की नव्या पोरी दारातूनच नाक मुरडून परत जातात. मी म्हटलं, "माझ्या केकलाही तो वास लागतो बाई." सगळ्या हसल्या. कंगवा बंद करायचा आणि शनिवार सकाळ धंदा काढू पाहणाऱ्या तरुण मुलींच्या शिकवणीला द्यायची, असं ठरलं. सगळ्यांचे हात वर गेले. मिस अर्नेस्टीन त्या दिवशी डॉक्टरकडे गेल्या होत्या. आणि दारावर पाटी लागली, इथे केसांना आच दिली जात नाही.

मार्व्हेलाने त्यांना गोड बोलूनच सांगितलं, तेही मी ऐकलंय.

"मिस अर्नेस्टीन, आपण तुमचे आखूड कापू. आहेत तसे ठेवू. राणी दिसाल राणी! आणि शनिवारऐवजी गुरुवारी या."

मिस अर्नेस्टीन आरशात बघत राहिल्या. "बाळा, या वयात मी आरशात नवीन बाई कुठे ओळखत बसू?" मग त्यांनी पर्स उचलली. "पण तुझं बरोबर आहे. तुला वाढायचंय. तू वाढ."

त्या गुरुवारी आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. चर्चमध्ये दिसायच्या, डोक्यावर हॅट, हॅटखाली रुमाल घट्ट बांधलेला. मार्व्हेला म्हणायची, "फोन करा हं मला." त्या म्हणायच्या, "तू कामात असतेस, मला माहितीय." आणि हसून पुढे जायच्या. मग मार्व्हेलाच्या डोक्यात शिरलं की त्या लुसिलकडे जातात. लुसिल अजून कंगवा तापवते. "एवढ्या वर्षांचं नातं, आणि तोंडावर सांगायचं नाही," असं ती सोमवारी बोलायची, आणि आम्ही तिची समजूत काढायचो. राग मार्व्हेलाला आणि समजूत मार्व्हेलाची. कुणी एकीने त्या बाईच्या घरी जाऊन दार ठोठावलं नाही. आम्हाला वेळ नव्हता. आम्ही एकमेकींना आधार देण्यात गुंतलो होतो.

तर रोझलिनचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मार्व्हेला मला घेऊन मिस्टर प्रुइटकडे गेली. गावातल्या आमच्या लोकांचे अंत्यविधी तेच बघतात. म्हातारे आहेत, काळा सूट उन्हाळ्यातही उतरवत नाहीत. मागच्या खोलीत मिस अर्नेस्टीनना निळा ड्रेस घालून ठेवलं होतं, डोक्याला रुमाल तसाच. बाजूच्या टेबलावर छोटी शेगडी आणि लोखंडी कंगवा.

"तुमच्या दारावरची पाटी वाचलीय मी," मिस्टर प्रुइट म्हणाले. "म्हणून म्हटलं, आपलंच सामान काढून ठेवावं. इथे धुराची तक्रार कुणी करत नाही."

मार्व्हेलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी रोझलिनने पाठवलेले मोत्यांचे कानातले एका बशीत ठेवले आणि दार ओढून घेतलं.

मार्व्हेला मेलेल्या बायकांशी बोलते. सगळ्याच पार्लरवाल्या बोलतात म्हणे, हात स्थिर राहतो. "मिस अर्नेस्टीन, मी आलेय हो," ती म्हणाली. "बघू तरी त्या लुसिलने काय दिवे लावलेत." आणि तिने रुमाल सोडला.

केसांची पार रया गेली होती. एका बाजूला सरळ, एका बाजूला तसेच. कानांच्या वर तुटून तुटून बोटभर उरलेले, मागे मानेवर गुंता. "अरे देवा! ऑपल, बघ हे काम! याला पैसे घेते ती बाई!" मार्व्हेला खरंच चिडली होती. तिने तेल लावलं, गुंता सोडवला, कंगवा शेगडीवर ठेवला. तापल्यावर एका फडक्यावर टेकवून बघितला आणि म्हणाली, "ऑपल, कान धर."

आमच्यातल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. कानाजवळचे केस करायची वेळ आली की खुर्चीतली बाई आपणच बोटाने कान खाली दाबून धरते, कंगवा लागू नये म्हणून. लहानपणी आई ओरडायची, कान धर, नाहीतर भाजेल. आता मिस अर्नेस्टीन कान धरणार नव्हत्या. मी त्यांचा थंडगार कान दोन बोटांनी खाली वाकवला.

कानाच्या मागे डाग होते. काही जुने, काळपट, चकचकीत. काही वरची कातडी निघून गुलाबी पडलेले. कानाच्या कडेवर एक लांबट, अगदी कंगव्याच्या पाठीएवढा. दुसऱ्या कानाशी तेच. मानेवर तर एकावर एक.

"या लुसिलला जेलमध्ये घातली पाहिजे," मी म्हटलं. "हात थरथरत असेल तर बाईने धंदा बंद करावा!"

 मार्व्हेलाने थंड होत चाललेला कंगवा हातात घेतला, स्वतःच्या डोक्याशी नेला आणि आरसा धरल्यासारखा दुसरा हात पुढे केला. तशीच उभी राहिली.

"एका हातात कंगवा, एका हातात आरसा," ती म्हणाली. "ऑपल, मग कान कोण धरणार?"

मला कळायला थोडा वेळ लागला. 

"त्या लुसिलकडे गेल्याच नाहीत गं. कुठेच गेल्या नाहीत. दुसऱ्या खुर्चीत बसल्या असत्या तर गावात माझं नाव गेलं असतं ना. मार्व्हेलाला तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाने सोडलं, असं झालं असतं."

त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. कंगवा पुन्हा तापवला. मी कान धरत गेले, ती केस करत गेली. इतक्या जपून तिने कुणा जिवंत बाईचे केले नसतील. धूर झाला, तो वास सुटला, आणि मला माझा केकचा विनोद आठवला. तोंडात माती आल्यासारखं झालं. शेवटी तिने पुढच्या केसांच्या लाटा काढल्या आणि वरचे लांब केस दोन्ही बाजूंना वळवून कानांवर आणले. सगळे डाग झाकले गेले. मोती घातले, तेही आत गेले.

"मोती दिसत नाहीत," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली.

शनिवारी चर्च भरून वाहत होतं. आम्ही मंडळाच्या सगळ्या जणी पांढरे ड्रेस घालून पुढच्या दोन बाकांवर. लोक रांगेने उघड्या शवपेटीजवळून जात होते आणि जो तो तेच म्हणत होता, "अगदी त्यांच्यासारख्या दिसतायत." पार्लरवालीला आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. एकीने मागे वळून विचारलं, केस कुणी केले, आणि कुणीतरी मार्व्हेलाकडे बोट दाखवलं. मग माना डोलल्या, हात खांद्यावर पडले. पास्टर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनीही सांगितलं की या भगिनी एकमेकींना कशा धरून असतात, ते आज पेटीत बघा. "आमेन!" सगळं चर्च म्हणालं. मार्व्हेला मान खाली घालून बसली होती. लोकांना वाटलं, दुःखाने.

मिस अर्नेस्टीनना माती देऊन आल्यावर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जेवण होतं. सगळं आम्हीच केलेलं. तळलेली कोंबडी, चीज घातलेली मॅकरोनी, पालेभाजी, माझे केक. आम्ही धावपळ करत होतो. धावपळ करताना विचार करावा लागत नाही. रोझलिन ताट घेऊन आली आणि मार्व्हेलाच्या समोर बसली. थकलेली होती. तिचा जबडा अगदी आईसारखा.

"आईला बघून बरं वाटलं," ती म्हणाली. "तुझे उपकार कसे फेडू? एवढं मोठं नाव झालं तुझं, तरी दर शनिवारी तिला खुर्ची ठेवलीस."

मार्व्हेलाच्या हातातला काटा थांबला.

"दर शनिवारी दुपारी मी फोन करायचे ना. ती म्हणायची, आत्ताच आले मार्व्हेलाकडून. पोरीला श्वास घ्यायला वेळ नाही, पण मला सोडत नाही. खूप हसायची." रोझलिनने डोळे टिपले. "मला कामावरून सुटता येईना, मी किती दिवसांत आले नव्हते. तेवढाच आधार होता जिवाला, की शनिवारी कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवतंय. सांग ना, काय बोलायची गं ती? शेवटी शेवटी? तुझ्या खुर्चीत बसून काय सांगायची?"

मी मध्ये पडले. मी अशी वेळ निभावून नेते, तो माझा स्वभाव आहे. "अगं, तुझंच कौतुक," मी म्हटलं. "रोझलिन असं म्हणाली आणि रोझलिन तसं..."

"ऑपल, नको," मार्व्हेला म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण बर्निस भांडं घेऊन जाता जाता थबकली.

"त्या येत नव्हत्या, रोझलिन. वर्ष झालं. मी कंगवा बंद केला आणि त्यांची वेळ दुसऱ्यांना दिली. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, पण पार्लर माझं आहे. त्यांनी तुला खोटं सांगितलं. माझं नाव राखायला."

रोझलिनने विचारलं, "मग शनिवारी ती..."

"घरी. शेगडीपाशी. स्वतःचे स्वतः करायच्या."

"तुला कसं कळलं?"

"कान भाजलेत त्यांचे. मानही. परवा बघितलं मी."

 रोझलिनने आपला हात कानाशी नेला आणि तिथेच ठेवला.

"म्हणून केस कानांवर आणलेस. मी पेटीशी उभी होते तेव्हाच मनात आलं होतं, आई तर कायम मागे घ्यायची, मोती दिसावेत म्हणून." तिने मोठा श्वास घेतला. ती भली बाई आहे. अशा वेळीसुद्धा तिने मार्व्हेलाला वाट करून दिली. "तिची लाज राखलीस. हो ना?"

मार्व्हेलाने हो म्हटलं असतं तर संपलं असतं. मला मनातून वाटत होतं, म्हण बाई, हो म्हण. आता माती दिलीय, कोण उकरून बघणार आहे?

"नाही," मार्व्हेला म्हणाली. "माझी."

रोझलिन ओरडली नाही. ओरडली असती तर आम्ही तिला जवळ घेतलं असतं, पाणी दिलं असतं. आम्हाला ते येतं. तिने मार्व्हेलावरून नजर काढली आणि हॉलभर फिरवली. भांडं धरून उभी बर्निस, केक कापायची सुरी घेतलेली मी, कॉफीच्या यंत्रापाशी घोळका करून उभ्या असलेल्या बाकीच्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र.

"इतक्या जणी आहात तुम्ही," ती म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून आपला कोट शोधायला गेली.